शेजारच्या जपानी आजींच्या हिशेबाच्या वह्या

चैत्रपालवी :

नमस्कार मंडळी. एक सल्ला हवा आहे, आणि त्या निमित्ताने बरंच बोलायचंही आहे.

आम्ही सहा वर्षं सोकाला राहतोय. तोक्योच्या उत्तरेला, साइतामा प्रांतात. शेजारी एक आजी एकट्या राहतात, वय ८७. पुढच्या महिन्यात त्या लेकीकडे राहायला जाणार आहेत, म्हणून घर आवरणं चाललंय. गेल्या शनिवारी त्यांनी रद्दीचे गठ्ठे उचलायला मला हाक मारली. इथे जुना कागद ठरलेल्या दिवशीच, दोरीने नीट बांधून कोपऱ्यावर ठेवावा लागतो. गठ्ठा उचलताना पाहिलं तर ती रद्दी नव्हती. काकेइबो होते. म्हणजे घरखर्चाच्या हिशेबाच्या वह्या. दर वर्षाची एक, १९६१ ते २०२४. मध्ये एकही वर्ष सुटलेलं नाही.

माझ्याच्याने ते गठ्ठे कोपऱ्यावर ठेववले नाहीत. आजींना विचारून घरी आणले. त्या म्हणाल्या, "वाचायच्या तर वाचा, पण पुढच्या कागदाच्या दिवशी विसरू नका हं."

आजींची थोडी ओळख करून देते. जन्म १९३८, तोयामा प्रांतातल्या एका खेड्यात, भातशेती करणाऱ्या घरात. १९४५च्या ऑगस्टमध्ये तोयामा शहरावर बॉम्ब पडले, त्या रात्री लाल झालेलं आकाश त्यांना अजून आठवतं. शाळा नववीपर्यंत. मग आइचीतल्या कापडगिरणीत नोकरी, तिथल्याच वसतिगृहात राहणं. १९६१ला बघून-दाखवून लग्न. १९६२ला सोडतीत नंबर लागला आणि इथल्या मात्सुबारा दान्चीत घर मिळालं. दान्ची म्हणजे सरकारी गृहनिर्माण महामंडळाच्या इमारतींची वसाहत. ही ५,९२६ घरांची होती आणि तेव्हा आशियातली सर्वांत मोठी म्हणून गाजली होती. दोन खोल्या आणि टेबलावर जेवता येईल असं स्वयंपाकघर. आजी म्हणतात, "नळ उघडला की पाणी, आणि जमिनीवर उकिडवं न बसता उभ्याने स्वयंपाक. मी महिनाभर रोज ओटा पुसून चकचकीत ठेवत होते."

मी त्यांना इतकी वर्षं मनातल्या मनात 'साधी गृहिणी' म्हणत आले. या वह्या चाळल्यापासून त्या शब्दाची लाज वाटतेय. १९७३च्या नोव्हेंबरात एका ओळीत लिहिलंय, "टॉयलेट पेपर. दोन तास रांग. मिळाला नाही." तेलाच्या संकटाच्या वेळची ती प्रसिद्ध घबराट, आणि आमच्या आजी त्या रांगेत उभ्या! १ एप्रिल १९८९पासून एक नवा रकाना आहे, पट्टी ठेवून आखलेला. त्या दिवशी ३ टक्के उपभोग कर सुरू झाला होता.

तर प्रश्न दोन. या वह्यांचं काय करावं? आणि दुसरा, ज्यावरून नवऱ्याशी वाद चाललाय तो. अशा बाईचं आयुष्य 'पारंपरिक जपानी स्त्रीचं आयुष्य' म्हणायचं का? तो हो म्हणतो. मला का कोण जाणे, पटत नाही.

टिपरी :

काय सुंदर धागा! वाचनखूण साठवली. वह्या टाकू नकोस गं बाई.

तर्कवादी :

दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. मला तुमच्या यजमानांचं पटतं. नवरा बाहेर, बायको घरात, ही जपानची शतकानुशतकांची रीत आहे. हिशेब ठेवला म्हणून ती बदलत नाही.

रानवारा :

@तर्कवादी, नम्रपणे असहमत. पुण्यात पंधरा वर्षं जपानी शिकवतेय. विद्यार्थ्यांचाही हाच समज असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शतकानुशतकं जपानमधली बहुतेक बायका शेतात चिखलात उभ्या होत्या, नाहीतर किनाऱ्यावर मासळी वाहत होत्या. १९१८चे तांदळाचे दंगे आठवा. सुरुवात कुणी केली? तोयामातल्याच उओझू गावच्या कोळणींनी. तांदूळ महागलेला आणि गावचा तांदूळ जहाजात भरून बाहेर चाललेला, म्हणून त्या धक्क्यावर जमल्या. देशभर पेटलं आणि पंतप्रधान तेराउची यांना जावं लागलं. 'घरात बसलेली' बाई ही नव्हे.

'चांगली पत्नी, शहाणी माता' (र्योसाइ केन्बो) हे ब्रीद मेइजी काळातलं. १८९९ला मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा झाला आणि ते अभ्यासक्रमात शिरलं. तेही मुलींना शिकवू शकणाऱ्या वरच्या थरापुरतं. सर्वसामान्य घरातली बाई पूर्णवेळ गृहिणी झाली ती युद्धानंतर, नवरा पगारदार झाला तेव्हा. म्हणजे आजींची पिढी. त्यांच्या आईला हे माहीतच नव्हतं.

बरं, शब्दातली गंमत सांगते. गृहिणीला शुफु म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर 'मुख्य, धनी' या अर्थाचं, आणि नवऱ्याला शुजिन म्हणतात त्यातही तेच. दुसऱ्या अक्षरात डावीकडे 'स्त्री' आणि उजवीकडे 'केरसुणी'. एकाच शब्दात धनीपण आणि केरसुणी. यावर माझा एक अख्खा तास जातो दर वर्षी.

चैत्रपालवी :

रानवारा, अगं हेच! आजींची आई दिवसभर शेतात असायची, स्वयंपाक आजीची आजी करायची. मी विचारलं तर आजी म्हणाल्या, "आई शुफु नव्हती, ती योमे होती." योमे म्हणजे सून. मला तेव्हा फरकच कळला नव्हता.

मु.पो.नागोया :

मस्त चर्चा. माझ्याकडून एक भर. इथे पगार बायकोच्या हातात जातो आणि ती नवऱ्याला महिन्याचा हातखर्च देते, ओकोझुकाइ. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे साहेब अजूनही जेवणाला त्याच पैशात भागवतात. आजींच्या वहीत ती ओळ असेलच.

चैत्रपालवी :

@नागोया, आहे तर! दर महिन्याच्या २५ तारखेला, भाज्या आणि वीजबिलाच्या मध्ये, 'यजमान'. १९७४ला ती रक्कम कमी केलीय आणि शेजारी बारीक अक्षरात "सिगारेट कमी करणार म्हणाले". जूनमध्ये पूर्ववत :)

कोकणी_मेवा :

हाहाहा, यजमानांचा निश्चय पावसाळ्यापर्यंतच टिकला तर!

घाटमाथा :

पगार हातात येणं म्हणजे सत्ता नव्हे. माझी आईही वडिलांचा पगार घ्यायची, आणि स्वतःसाठी चपला घ्यायला तिला दोन महिने लागायचे. हिशेब जिच्याकडे, काटकसरही तिचीच. कृपया हे गोडगोड चित्र रंगवू नये.

रानवारा :

घाटमाथा, मुद्दा रास्त आहे. १८९८च्या नागरी कायद्यानुसार तर विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय महत्त्वाचे व्यवहारही करता येत नव्हते. घराण्याचा प्रमुख पुरुष, आणि सगळे त्याच्या आज्ञेत. तो कायदा १९४७ला गेला. त्याच वर्षी लागू झालेल्या राज्यघटनेच्या २४व्या कलमात लग्न फक्त दोघांच्या संमतीने आणि समान हक्काने, असं आलं. ते कलम लिहिण्यात युद्धानंतरच्या अमेरिकी लष्करी प्रशासनात काम करणाऱ्या बेआते सिरोता या २२ वर्षांच्या तरुणीचा मोठा वाटा होता, आणि लहानपणी जपानमध्ये राहिल्यामुळे तिने तिथल्या बायकांची स्थिती डोळ्यांनी पाहिलेली होती. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या.

अवेळीचा_पाऊस :

अवांतर, पण या धाग्यात लिहिल्याशिवाय राहवत नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठामागे तोक्योचं महिला विद्यापीठ आहे! १९०१ला नारुसे जिन्झो यांनी ते काढलं. त्याची माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती आली, १९१५च्या सामाजिक परिषदेत त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ला आपलं विद्यापीठ सुरू झालं. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहशास्त्रासारखे विषय, हा आग्रह त्यातूनच. माझी आजी तिथे शिकली. म्हणजे तुझ्या शेजारच्या आजींच्या जगाचा एक धागा हिंगण्याच्या माळावर आलेला आहे.

साधीसुधी :

मी नाराला राहते, नवरा जपानी, सासूबाई आमच्यासोबत. काही गोष्टी घरातून सांगते.

सकाळी भात झाला की पहिला चमचाभर देवघरात. ते देवघर पूर्वजांचं असतं, बुत्सुदान. आधी त्यांना, मग आम्हाला. पहिल्या दिवशी हे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण आमच्याकडे आजी नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाला जेवू देत नसे. बाळंतपणाला माहेरी जायची इथेही रीत आहे, तिला नावसुद्धा आहे, सातोगाएरी. मी पुण्याला जाते म्हटल्यावर सासूबाईंना काही समजावावं लागलं नाही. आणि घराबाहेर पडताना 'इत्ते किमासु', म्हणजे शब्दशः 'जाऊन येते'. नुसतं 'जाते' म्हणायचं नाही!

आता दुसरी बाजू. इथल्या कायद्याने नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं, आणि जवळपास सगळीकडे बाईच बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ला आणि पुन्हा २०२१ला हा नियम वैध ठरवला. परदेशी जोडीदाराशी लग्न असेल तर तशी सक्ती नाही, म्हणून मी माझं ठेवलं. सासूबाई काही दिवस गप्प होत्या. मग एकदा भांडी पुसताना म्हणाल्या, "तुला कुणीतरी विचारलं. मला कुणी विचारलंच नव्हतं." राग नव्हता त्यात. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

टिपरी :

साधीसुधी, काय लिहिलंयस. आणि जपानीत स्वतःच्या बायकोला 'कानाइ' म्हणतात ना? घराच्या आतली. आमचे आजोबा आजीला 'आमचं कुटुंब' म्हणायचे. दोन्हीकडे बाईचं नाव जिभेवर यायला तयार नाही.

कोकणी_मेवा :

आणि आमच्याकडे 'घरात विचारून सांगतो'. घर म्हणजेच ती.

मु.पो.नागोया :

चैत्रपालवी, आजींनी कधी नोकरी केली नाही का? माझ्या बायकोला इथे अर्धवेळ काम मिळतंय आणि ती 'भिंत' काय ती समजून घेतोय.

चैत्रपालवी :

केली. मुलगी मोठी झाल्यावर सुपरमार्केटात अर्धवेळ, बारा वर्षं. वहीत दर डिसेंबरला "तास कमी केले" असं लिहिलेलं आहे. नोव्हेंबर आला की वर्षभराच्या कमाईची बेरीज, समासात.

रानवारा :

तीच ती भिंत. नोकरदाराची बायको कमी कमावत असेल तर नवऱ्याला करात सूट, ही सोय १९६१ची. आजींच्या लग्नाचंच वर्ष, बघ. १९९५पासून बरीच वर्षं बायकोच्या वार्षिक कमाईची मर्यादा १० लाख ३० हजार येनची होती, २०२५पासून ती वाढवली आहे. सामाजिक विम्याची भिंत वेगळी, १३ लाखांची. @नागोया, या दोन गोष्टी मिसळू नका, आणि कंपनीचा नियम वेगळा विचारा.

याहून बोलकी तारीख १ एप्रिल १९८६. त्या दिवशी नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधीचा कायदा लागू झाला. आणि त्याच दिवशी नोकरदाराच्या अवलंबून असलेल्या पत्नीला स्वतः हप्ता न भरता निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूदही. बाईला एकाच दिवशी 'बाहेर ये' आणि 'घरी राहिलीस तर सांभाळू' असं दोन्ही सांगितलं गेलं. आता सांगा तर्कवादी, याला रीत म्हणायचं की धोरण?

तर्कवादी :

रानवारा, वाचलं. उओझूचं मला ठाऊक नव्हतं. 'शतकानुशतकं' हा शब्द मागे घेतो. पण लोकांनी ते मनापासून स्वीकारलं, नाहीतर एवढं पसरलं नसतं, एवढं माझं मत राहू द्या.

रानवारा :

ते मलाही मान्य. गिरणीच्या वसतिगृहातून आलेल्या मुलीला स्वतःचं स्वयंपाकघर मिळणं ही केवढी गोष्ट होती! दिवसभर चिखलात राबणाऱ्या आईकडे पाहून 'मला घरी राहायचंय' हे त्यांचं स्वप्नच असणार. १९८०ला एकट्या नवऱ्याच्या पगारावर चालणारी घरं सुमारे १ कोटी ११ लाख होती आणि दोघं कमावणारी ६१ लाख. १९९७पासून दोघं कमावणारी घरं कायमची जास्त झाली. एका आयुष्यात मावलेली गोष्ट आहे ही.

साधीसुधी :

चैत्रपालवी, आजींच्या सासूबाई कुठे होत्या?

चैत्रपालवी :

[या प्रतिसादातला मजकूर मी काढला आहे. कारण खाली लिहिलं आहे.]

टिपरी :

वाचून गलबलून आलं. आठ वर्षं!

घाटमाथा :

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहिणं अवघड आहे. फक्त नोंद म्हणून, जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठीचा सार्वजनिक विमा एप्रिल २०००मध्ये सुरू झाला. चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात आणि मदतनीस घरी येतात. त्याआधी तो विमा म्हणजे मोठ्या मुलाची बायको. बिनपगारी.

अवेळीचा_पाऊस :

जरा हलकं विचारते. डबे? ते नाजूक ओबेन्तो खरंच सगळ्या आया रोज करतात?

चैत्रपालवी :

माझी लेक बालवाडीत होती तेव्हा डब्यापेक्षा मला पिशव्यांनी रडवलं. शाळेने कागद दिला, पुस्तकांची पिशवी, बुटांची पिशवी, पेल्याची पिशवी, प्रत्येकीची मापं सेंटिमीटरमध्ये, आणि शक्यतो घरी शिवलेली. मला शिवण येत नाही. आजी कागद घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी तिन्ही पिशव्या इस्त्री करून दारात. अस्तरासकट. ते शिवणयंत्र १९६४च्या वहीत आहे, हप्त्यांनी घेतलेलं. शेवटच्या हप्त्यापुढे लाल पेन्सिलीने छोटं फूल काढलंय. चौसष्ट वह्यांत मला सापडलेलं ते एकच चित्र.

कोकणी_मेवा :

ते फूल तेवढं डोळ्यांसमोरून जात नाहीये.

मु.पो.नागोया :

वह्यांवरून विचारतो, या वह्या छापील आहेत का? इथे डिसेंबरात पुस्तकांच्या दुकानात काकेइबोचे ढीग लागतात.

चैत्रपालवी :

हो. बहुतेक हानि मोतोको यांच्या पद्धतीच्या. त्या जपानच्या पहिल्या स्त्री पत्रकारांपैकी, १९०४ला त्यांनी अशी वही पहिल्यांदा छापली. त्यात आधी अंदाजपत्रक मांडायचं असतं, खर्च नंतर. आजी मला म्हणाल्या, "खर्च झाल्यावर लिहिणं म्हणजे नुसती आठवण."

घाटमाथा :

मूळ प्रश्नाकडे येऊ या. तोक्योच्या ओता विभागात शोवा काळच्या (१९२६ ते १९८९) राहणीचं एक छोटं संग्रहालय आहे, १९५१ला बांधलेल्या साध्या घरातच मांडलेलं. असं काही तुमच्या जवळ असेल तर विचारा. पण त्याआधी आजींना विचारा. आपण सगळे इथे 'टाकू नका' म्हणतोय. वह्या त्यांच्या आहेत.

टिपरी :

+१. मी पहिल्याच प्रतिसादात आगाऊपणा केला.

चैत्रपालवी :

मंडळी, काल विचारलं. चहा घेत दोन तास बसलो.

मी संग्रहालयाचं बोलले तर आजींना आधी खरंच वाटेना. "नेगीचे भाव कुणाला बघायचेत?" नेगी म्हणजे इथली लांब कांद्याची पात. मी इथले तुमचे प्रतिसाद त्यांना जपानीत सांगितले. उओझूच्या कोळणींचं ऐकून खुलल्या. त्यांच्या आजीने ते दिवस पाहिले होते म्हणे, पण घरी त्यावर बोलायला बंदी होती. कर्व्यांचं सांगितलं तेव्हा "इंदो नो सेन्सेइ?" (भारतातले गुरुजी?) असं दोनदा विचारलं.

मग त्या उठल्या आणि माझ्याकडच्या गठ्ठ्यांतून आठ वह्या मोजून काढल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ती वर्षं. म्हणाल्या, "यात काय विकत घेतलं ते लिहिलंय. ते वाचलं की त्यांची अवस्था कळते. त्यांना ते आवडलं नसतं." त्या आठ वह्या त्यांनी स्वतः दोरीने बांधल्या, आणि आज सकाळी मी नको नको म्हणत असताना स्वतः कोपऱ्यावर ठेवून आल्या.

मी त्याच वह्यांतलं इथे लिहून बसले होते. म्हणून वरचा प्रतिसाद काढला. ज्यांनी वाचला त्यांना विनंती, कृपया कुठे पुढे पाठवू नका.

१९६१ची, लेकीच्या जन्माची १९६६ची आणि शिवणयंत्राची अशा तीन त्या सोबत नेणार. उरलेल्या त्रेपन्न गावच्या संग्रहालयाने घेतल्या तर द्यायला त्या तयार आहेत. मी पत्र पाठवलंय, उत्तर यायचंय.

साधीसुधी :

तुझा तो प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला होता. आता तो विषय काढणार नाही.

तर्कवादी :

संग्रहालयाने नाही घेतल्या तर? परवानगी असेल तर त्रेपन्न वह्यांचे फोटो काढून ठेवा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, क्रमवार लावून द्यायचं काम माझ्याकडे.

चैत्रपालवी :

@तर्कवादी, मनापासून आभार. फोटोंना परवानगी आहे, विचारलंय. रविवारी सुरू करतेय, आजी पानं उलटणार आहेत. १९६२पासून.

रानवारा :

अक्षर लागलं नाही तर मला पाठव. त्या पिढीचं पेन्सिलीतलं अक्षर वाचायची सवय आहे.

कोकणी_मेवा :

१९६४चं ते फुलाचं पान तेवढं आधी काढा. ती वही त्या सोबत नेणार आहेत ना?